उजव्या पंखाची खालची बाजू

कायानीत दुपारी तीनला अंधार पडतो
आणि तौनो हेइस्काला खिडकीचा पडदा ओढतो.
समोरच्या स्क्रीनवर त्याचा जून चालू आहे,
एकोणीसशे बेचाळीसचा,
रात्रच न होणारा.

बत्तीस वर्षं त्याने पत्रे ठोकले, बसच्या कारखान्यात.
म्हणून त्यालाच दिसलं
की खेळातल्या विमानाच्या डाव्या पंखावर
रिव्हेटची एक ओळ कमी आहे.
ती भरण्यात एक हिवाळा गेला.
मग उजवा पंख त्याच्याकडे बघायला लागला.

इंजिनाचा आवाज कुठून आणायचा?
तसलं इंजिन त्याच्या माहितीत कुठेच उरलं नव्हतं.
सोत्कामोच्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर,
धुराड्याशी धरलेला, लोकरी मोजा चढवलेला माइक,
उणे अठरा,
आणि पुढे तीन आठवडे ती खडखड
खालच्या पट्टीत उतरवत बसणं.
ब्र्नोहून बोर्झिवोयने ऐकून कळवलं,
"छान आहे. दुसऱ्या सिलिंडरमध्ये शेण अडकलंय फक्त."
एवढी शाबासकी तौनोला कारखान्यातसुद्धा मिळाली नव्हती.

सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं ही,
एकमेकांना कधीच न भेटलेली.
दमडी न घेता कुणी ढगांच्या कडा घासायचं,
कुणी उंचीच्या काट्याची थरथर.
दर गुरुवारी रात्री नऊला
एकमेकांना गोळ्या घालून पाडायचं
आणि मग तासभर गुडघ्यांबद्दल बोलायचं.

कंपनी दोनदा विकली गेली.
तिसऱ्या मालकाचं पत्र आलं, फार नम्र:
सर्व्हर मार्चअखेर बंद.
नवा खेळ येतोय, त्यातला पाऊस काचेवरून खरा ओघळतो,
मात्र बाहेरच्या कुणाला त्यात हात घालता येणार नाही.
आपल्या निष्ठेबद्दल आभार.
जुन्या खेळाचा मूळ कोड कुणापाशीच नाही.
ज्याने लिहिला, तो म्हणे आता मधमाश्या पाळतो.

बोर्झिवोय म्हणाला, आपण आपला सर्व्हर उभा करू.
कुणीतरी म्हणालं, वकिलाची नोटीस येईल.
कुणीतरी खोकलं.
मग विषय लेस्याच्या नकाशावर आला
आणि सगळे जरा गप्प झाले.

लेस्या खारकीवकडची.
दोनेत्सच्या काठाचा चाळीस किलोमीटर पट्टा तिने केला,
वाट न् वाट.
चार हजार मीटरवरून काय दिसणार कुणाला,
पण तौनो एकदा तेल संपून खाली आला, तेव्हा त्याने पाहिलं:
एका घरामागे कपड्यांची दोरी,
दोरीवर तीन चादरी, एक लहान मुलाचा शर्ट.
विचारलं तर म्हणाली, मामाचं घर. दोरी तशीच असते.

नंतर खरं युद्ध आलं.
ती गुरुवारी यायची थांबली.
दीड वर्षाने चारच ओळी:
मी ठीक. ड्रोनच्या मोटारी दुरुस्त करते.
मामाकडचं काही उरलं नाही.
त्या गावावर बॉम्ब टाकायची मोहीम कुणी करू नका.

कुणी केली नाही.
तो चौकोन सगळे वळसा घालून जातात,
शत्रू मागे लागला असला तरी.
लाज वाटते थोडी, असं बोर्झिवोय एकदा म्हणाला,
कशाची ते नाही सांगितलं.
नकाशा मात्र जुन्याच आवृत्तीत उघडतो,
आणि ती आवृत्ती जुन्याच मशीनवर.

भाचीचा मुलगा एल्मेरी, चौदाचा, रविवारी आला.
"यात जिंकतात कसं?"
तौनोने विचार केला. "परत येऊन उतरायचं."
"बस?"
"ते अवघड आहे."
पोराने अकरा वेळा विमान फोडलं,
बाराव्यांदा बटाट्याच्या शेतात कसंबसं टेकवलं,
आणि बघत राहिला. "इथे कपडे कोण वाळत घालतं?"

जाताना तौनोने त्याच्या जॅकेटच्या खिशात डिस्क घातली,
वरून चेन लावली.
उघडशील का, असं विचारलं नाही.
बसचे मागचे दिवे बर्फात दिसेनासे झाले.
ती बस त्याच्याच कारखान्यातली,
मागच्या पॅनेलवरून त्याने ओळखली.

घरी येऊन पडदा ओढला.
उजव्या पंखाची खालची बाजू अजून व्हायची आहे.
तिकडे कुणी बघत नाही.
मार्च संपायला एकोणीस दिवस आहेत,
एका रात्रीत साठ रिव्हेट होतात,
डोळे बरे असले तर.